वाचलं की पुन्हा लिहावं लागतं

शाबानचा महिना लागला की आमच्या मशिदीत हाफिजसाहेबांचा दौर सुरू होतो. तीसच्या तीस पारे पाठ असलेला हा माणूस फजरच्या नमाजनंतर कोपऱ्यात बसतो आणि ठरावीक भाग रोज पुन्हा म्हणतो. रमजानमध्ये तरावीहला ते पुढे उभे राहिले की लगेच मागच्या सफमध्ये दुसरा हाफिज 'सामे' म्हणून उभा असतो. सामे म्हणजे ऐकणारा. पुढचा अडखळला तर तो लुकमा देतो, सुटलेला शब्द हळूच पुरवतो. लहानपणी मला प्रश्न पडायचा की एकदा पाठ झालंय ना, मग दरवर्षी एवढी मेहनत कशाला? एका बुजुर्गांनी तेव्हा सांगितलं होतं की हिफ्ज करायला चार वर्षं लागतात आणि टिकवायला सगळी उमर.

उर्दूत स्मरणशक्तीला 'हाफिजा' म्हणतात. वर्गात संगणकाची मेमरी समजावताना मी हाच शब्द वापरतो. मुलांना वाटतं की संगणकाचा हाफिजा पक्का असतो, तो काही विसरत नाही. खरं म्हणजे संगणकाच्या मेमरीचा इतिहास विसरण्यापासूनच सुरू होतो. ज्याने ही गोष्ट नीट ओळखली, त्या माणसाचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. आन वांग असं त्यांचं नाव. पुढे त्यांनीच कचेऱ्यांमध्ये माणसांना एकत्र काम करता येईल अशी यंत्रं आणि सॉफ्टवेअर बनवून मोठी कंपनी उभी केली. ती कंपनी कशी उभी राहिली आणि कशी कोसळली, हे आपल्या समाजाने वाचायला हवं असं मला वाटतं. का, ते शेवटी सांगतो.

वांग यांचा जन्म १९२० सालचा, शांघायचा. तिथल्या चिआओ तुंग विद्यापीठात ते शिकले. जपानशी युद्ध चालू असताना त्यांचं तारुण्य गेलं. १९४५ मध्ये ते अमेरिकेला आले आणि १९४८ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी झाले. त्यानंतर हार्वर्डच्याच संगणक प्रयोगशाळेत हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली त्यांना नोकरी मिळाली. एकन यांनी त्यांना एक कोडं घातलं. चुंबकाच्या साहाय्याने माहिती साठवायची आणि वाचायची, पण कुठलाही भाग हलता-फिरता नको.

तेव्हाच्या संगणकांची खरी अडचण हिशेब करण्यात नव्हती, हिशेबातला मधला आकडा लक्षात ठेवण्यात होती. कुणी पाऱ्याच्या नळ्या वापरत होतं, कुणी फिरते ड्रम, कुणी टीव्हीच्या पडद्यासारख्या काचेच्या नळ्या. वांग आणि त्यांचे सहकारी वे-डाँग वू यांनी चुंबकीय धातूच्या छोट्या कड्या घेतल्या. कडीतलं चुंबकत्व एका दिशेने फिरत असेल तर १, उलट दिशेने असेल तर ०. वीज गेली तरी दिशा तशीच राहते. इथपर्यंत सगळं छान होतं.

पंचाईत वाचताना होती. कडीत १ आहे की ०, हे कळण्यासाठी तिला जबरदस्तीने ० कडे ढकलावं लागतं. तिच्यात १ असेल तर ती पलटते आणि तारेत झटका जाणवतो. आधीच ० असेल तर काही होत नाही. म्हणजे उत्तर मिळतं खरं, पण मिळता मिळता ते पुसलं जातं. वाचणं आणि नष्ट करणं एकच होऊन बसतं.

वांग यांनी आपल्या आत्मकथनात सांगितलं आहे की हार्वर्डच्या आवारातून चालत जाताना त्यांना एकदम उलगडा झाला. वाचताना माहिती पुसली जाते तर जाऊ दे. वाचून झाल्याबरोबर ती पुन्हा लिहायची! ऐकायला ही गोष्ट इतकी साधी आहे की यात शोध कसला असं वाटावं. पण तोवर त्यांची धडपड न पुसता वाचण्याची होती. वांग यांनी पुसलं जाणं मान्य केलं आणि परत लिहिण्याची सोय केली. ऑक्टोबर १९४९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५५ मध्ये ते मंजूर झालं.

हा शोध एकट्याचा नव्हता, हेही सांगायला हवं. लॉस एंजेलिसमध्ये फ्रेडरिक व्हीए नावाचे गृहस्थ रस्त्यांच्या कामांची तपासणी करण्याची नोकरी करत आणि फावल्या वेळात घरी प्रयोग करत. त्यांनी १९४७ मध्येच चुंबकीय कड्यांवर पेटंटसाठी अर्ज केला होता. आणि वांग यांच्या कड्यांची रचना माळेसारखी होती, एकामागून एक. हवा तो मणी थेट गाठायचा कसा, हे एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी सोडवलं. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे समजावणं सोपं आहे. ताणा आणि बाणा घ्या, म्हणजे उभ्या आणि आडव्या तारा. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एक कडी ओवा. एका उभ्या आणि एका आडव्या तारेतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला की फक्त त्या दोघींच्या गाठीवरच्या कडीला पूर्ण धक्का बसतो, बाकीच्या शांत राहतात. १९५३ मध्ये फॉरेस्टर यांच्या 'व्हर्लविंड' संगणकात ही जाळी बसली. एका जाळीत ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ कड्या होत्या. वाचून पुन्हा लिहिण्याची युक्ती मात्र या जाळीलाही लागतच होती.

या जाळ्या विणायचं काम बहुतेक बायका करत. मोहरीएवढ्या कड्या, केसासारख्या तारा, डोळ्यांसमोर भिंग. पुढे मजुरी स्वस्त पडते म्हणून हे काम पूर्व आशियात गेलं. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकातली कायमची मेमरीसुद्धा मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन कंपनीच्या कामगार बायकांनी तारा ओवून तयार केली होती. मेमरी बनवणाऱ्यांचा इतिहास लिहिताना कंपन्यांची आणि पेटंटवाल्यांची नावं येतात. ज्यांच्या बोटांनी ती विणली त्यांची नावं फारशी नोंदलेली सापडत नाहीत.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 'टिफ्रॅक' हा संगणक बांधला. १९६० मध्ये तो चालू झाला. त्याची मेमरी कड्यांचीच होती, ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी. म्हणजे सुमारे ८२ हजार कड्या. आज आपण व्हॉट्सॲपवर सकाळी जो गुलाबाचा फोटो पाठवतो, तो त्या मेमरीत मावला नसता. पण त्या काळी देशात हिशेब करू शकणारा तो मोजक्या संगणकांपैकी एक होता.

आता परत वांग यांच्याकडे. हार्वर्डने संगणकावरचं संशोधन आवरतं घ्यायचं ठरवल्यावर जून १९५१ मध्ये त्यांनी बॉस्टनमध्ये, जवळच्या ६०० डॉलरच्या बचतीवर, 'वांग लॅबोरेटरीज' सुरू केली. विजेच्या दिव्यांच्या दुकानावरची एक खोली, एवढाच पसारा. सुरुवातीला ते मेमरीच्या कड्या सुट्या विकत, एक कडी ४ डॉलरला. चिनी माणूस, बोलण्याचा ढंग वेगळा, ओळखीपाळखी नाहीत. चिनी लोकांकडे तेव्हाच्या अमेरिकेत संशयानेच पाहिलं जाई. आपल्यापैकी अनेकांना नवीन शहरात घर शोधताना जो अनुभव येतो, तो त्यांनाही ओळखीचा असणार. पण आपल्याला कमी लेखणाऱ्यांशी वाद घालण्यात त्यांनी आयुष्य घालवलं नाही.

१९५६ मध्ये आयबीएमने त्यांचं पेटंट विकत घेतलं. किंमत ठरली ५ लाख डॉलर. वाटाघाटी सोप्या नव्हत्या. बलाढ्य कंपनीसमोर एकटा माणूस कसा अडचणीत येतो, हे त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. तुलनेसाठी सांगतो, फॉरेस्टर यांच्या पेटंटसाठी आयबीएमने १९६४ मध्ये एमआयटीला १ कोटी ३० लाख डॉलर दिले. कड्यांची मेमरी त्यानंतरही काही वर्षं जगभरच्या संगणकांत राज्य करत राहिली.

मग तिचाही काळ संपला. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी एका बिटासाठी एकच ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा विद्युतभार पुरेल अशी मेमरी शोधली. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. १९७० मध्ये इंटेलने १,०२४ बिटांची '११०३' ही चिप बाजारात आणली आणि कड्या मागे पडल्या. या नव्या मेमरीचा हाफिजा तर आणखी कच्चा! तिच्यातला विद्युतभार सतत गळत असतो. म्हणून सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत एकदा सगळी मेमरी वाचून पुन्हा लिहावी लागते. तुमच्या हातातला मोबाइल हे वाचत असताना सेकंदाला अनेक वेळा आपला दौर करतो आहे. वांग यांची कडी गेली, युक्ती मात्र राहिली.

मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचंही तसंच झालं. इंटेल १९६८ मध्ये स्थापन झाली तीच मुळी मेमरी बनवण्यासाठी. जपानी कंपन्यांनी अधिक चांगला आणि स्वस्त माल आणल्यावर १९८५ मध्ये इंटेलने हा धंदा सोडला आणि प्रोसेसरवर लक्ष दिलं. पुढे जपानलाही कोरियाने मागे टाकलं. आज या प्रकारची बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात.

वांग यांनी स्वतःला दोनदा पुन्हा लिहिलं. कड्या विकणं सोडून १९६० च्या दशकात ते इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरकडे वळले आणि त्यात नाव कमावलं. १९६७ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले ते साडेबारा डॉलरला, आणि पहिल्याच दिवशी चाळिशीपार गेले. पण चिप स्वस्त होणार आणि कॅल्क्युलेटर भाजीच्या भावात विकला जाणार, हे त्यांनी वेळेत ओळखलं. धंदा जोरात असतानाच त्यांनी त्यातून पाय काढायला सुरुवात केली आणि कचेरीतल्या टंकलेखनाकडे मोर्चा वळवला.

इथून आपल्या गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो. १९७६ मध्ये वांग कंपनीने पडद्यावर मजकूर दिसेल, दुरुस्त करता येईल, असं शब्दप्रक्रिया यंत्र आणलं. हॅरल्ड कोप्लो आणि डेव्हिड मोरोस यांनी ते घडवताना एक उलटी रीत वापरली. यंत्र बनवायच्या आधी त्यांनी ते वापरणाऱ्यासाठीची माहितीपुस्तिका लिहिली. टायपिस्ट बाईला काय सोपं जाईल ते आधी कागदावर ठरलं आणि यंत्र त्याबरहुकूम तयार झालं. शिक्षक म्हणून मला हा भाग फार आवडतो. ज्यांनी एक अक्षर चुकलं म्हणून अख्खं पान पुन्हा टाइप केलं आहे, त्यांनाच या यंत्राचं मोल कळेल.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अनेक टेबलांवरचे पडदे मध्यभागी असलेल्या एकाच डिस्कला जोडलेले असत. एकीने लिहिलेलं पत्र दुसरीला उघडता येई, साहेबाने सुचवलेला बदल तिसरी करू शके. कागदाची फाइल टेबलावरून टेबलावर फिरायच्या ऐवजी फाइल एका जागी आणि माणसं तिच्याभोवती. पुढे 'वांग ऑफिस' या सॉफ्टवेअरने त्यात निरोप, दैनंदिनी आणि कागदपत्रांची देवाणघेवाण आणली. आज आपण ज्याला एकत्र कामाचं सॉफ्टवेअर म्हणतो, त्याची ही सुरुवातीची रूपं. कचेरीचा हाफिजा एका माणसाच्या डोक्यातून किंवा एका कपाटातून निघून सगळ्यांच्या मध्ये आला.

१९७८ मध्ये वांग कंपनीने सुपर बोल या मोठ्या फुटबॉल सामन्याच्या वेळी टीव्हीवर जाहिरात दिली. तिचा आधार होता दाऊद आणि जालूतचा किस्सा. आयबीएम म्हणजे जालूत आणि आपण गोफणवाला दाऊद. लॉवेल हे कापड गिरण्या बंद पडून उजाड झालेलं गाव. वांग यांनी तिथे कंपनीचं ठाण मांडलं, बारा मजल्यांचे तीन मनोरे बांधले, हजारोंना नोकऱ्या दिल्या. कामगारांची संख्या तीस हजारांवर गेली, उलाढाल तीन अब्ज डॉलरच्या घरात. रुग्णालयाला, शिक्षणसंस्थांना, बॉस्टनच्या नाट्यगृहाला त्यांनी मोकळ्या हाताने देणग्या दिल्या. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या हस्ते त्यांना 'मेडल ऑफ लिबर्टी' मिळालं.

आणि नेमक्या याच काळात कंपनी आपला दौर करायला विसरली. १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला. वांग कंपनीनेही पुढच्या वर्षी आपला छोटा संगणक काढला, पण त्यावर आयबीएमसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर चालत नव्हती. वांगचं यंत्र वांगच्याच यंत्राशी बोलणार, असा एकूण खाक्या. गिऱ्हाइकांना काय हवं होतं? एका अमेरिकन विमा कंपनीला वांगसारखं लिहिता येईल, पण आयबीएमच्या छोट्या संगणकावर चालेल असं सॉफ्टवेअर हवं होतं. तिच्यासाठी 'मल्टिमेट' तयार झालं आणि पुढे सगळ्यांना विकलं गेलं. म्हणजे वांगची वही दुसऱ्याने वाचली आणि दुसऱ्याने पुन्हा लिहिली. १९८३ मध्ये कंपनीने एका दमात डझनाहून जास्त नव्या वस्तू जाहीर केल्या. त्यातल्या बऱ्याच तयारच नव्हत्या.

कंपनी घराण्याच्या हातात राहावी हा वांग यांचा हट्ट होता. मताधिकाराची रचनाही त्यांनी तशीच केली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये त्यांनी मुलगा फ्रेड याला अध्यक्ष केलं. जुने कर्तबगार सहकारी एकेक करून गेले. १९८९ मध्ये तोटा चाळीस कोटी डॉलरच्या वर गेला आणि कर्करोगाने आजारी असलेल्या बापाला मुलाला पदावरून दूर करावं लागलं. मार्च १९९० मध्ये वांग वारले. ऑगस्ट १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९४ मध्ये लॉवेलचे मनोरे लिलावात गेले, ५ लाख २५ हजार डॉलरला. अडतीस वर्षांपूर्वी पहिलं पेटंट जेवढ्याला विकलं होतं, जवळपास तेवढ्यालाच.

एकत्र कामाच्या सॉफ्टवेअरची सूत्रं दुसरीकडे गेली. इलिनॉय विद्यापीठातल्या 'प्लेटो' या शिकवण्याच्या संगणकावर १९७३ पासून 'नोट्स' नावाची सोय होती. तिथे विद्यार्थी एकमेकांच्या नोंदींना उत्तरं लिहीत. तिथे शिकलेल्या रे ऑझी यांनी ती कल्पना कचेरीत आणली आणि १९८९ मध्ये 'लोटस नोट्स' बाजारात आलं. त्यात माहितीच्या प्रती निरनिराळ्या शहरांत ठेवल्या जात आणि त्या एकमेकींशी ताडून सतत जुळवल्या जात. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस कंपनी साडेतीन अब्ज डॉलरला घेतली, ती मुख्यतः नोट्ससाठी. २०१९ मध्ये तेच नोट्स आयबीएमकडून आपल्या देशातल्या एचसीएल कंपनीकडे आलं.

आता ही सगळी कहाणी मला का सांगावीशी वाटली ते सांगतो. दरवर्षी शाळेत विज्ञान दिनाला मी अल-ख्वारिज्मींवर भाषण करत आलो आहे. नवव्या शतकातलं बगदाद, बैतुल हिकमा, बीजगणित, आणि 'अल्गोरिदम' हा शब्दच कसा त्यांच्या नावावरून आला. मुलं टाळ्या वाजवतात, पालकांची छाती फुगते. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने भाषण संपल्यावर विचारलं, "सर, त्यांच्यानंतर कोण?" मी चार-पाच नावं घेतली, सगळी काही शतकांपूर्वीची. ती म्हणाली, "नाही सर, आत्ताचे." मी विषय बदलला. ते मला अजून खुपतं.

आपण ख्वारिज्मींचं नाव वाचतो, पुन्हा लिहीत नाही. खुद्द ख्वारिज्मींनी काय केलं होतं? भारतातून आलेली दशमान अंकांची पद्धत त्यांनी वाचली, समजून घेतली आणि अरबीत नव्याने मांडली. त्यांच्या त्या अंकगणिताच्या पुस्तकाची मूळ अरबी प्रत आज कुठेही उपलब्ध नाही. ते पुस्तक आपल्यापर्यंत पोहोचलं ते बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरामुळे. ज्यांनी वाचून पुन्हा लिहिलं, त्यांच्याकडे ते राहिलं. वारसा म्हणून कपाटात ठेवलेली प्रत हरवली.

पुसलं जाणं हा दोष नाही, तो स्मृतीचा स्वभावच आहे. वांग यांना पंचविशी-तिशीत जे उमगलं ते साठीत त्यांच्या कंपनीला उमगलं नाही, आणि ज्या समाजात अजून लाखो मुलं हिफ्ज करतात त्याला तर ते सर्वांत आधी उमगायला हवं.

यंदा विज्ञान दिनाला मी भाषण केलं नाही. निबंधाचा विषय दिला: 'ख्वारिज्मींनी दुसऱ्यांकडून काय घेतलं आणि त्यात स्वतःचं काय घातलं?' त्या मुलीने दीड पान लिहिलं. शेवटी तिने मलाच एक प्रश्न घातला आहे: सर, शाळेत संगणक आहे, पण तो उघडून आत काय आहे ते आम्हाला कधी दाखवणार?

बंद पडलेला एक जुना संगणक सामानाच्या खोलीत आहे. या शनिवारी तो वर्गात आणायचं ठरवलं आहे.